‘पाळी नियमित करते’ : वनौषधिविषयक मराठी लेखनातील एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

घरगुती औषधांविषयीचे वाङ्मय मराठीत थोडे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ सिद्ध केला, डॉ. वामन गणेश देसाई यांनी ‘औषधीसंग्रह’ लिहिला. आप्पाशास्त्री साठे यांचे ‘घरगुती औषधे’ पुढे घरोघर पोचले. सांप्रत या परंपरेचा वारसा वृत्तपत्रांच्या पुरवण्या, स्त्रियांसाठी निघणाऱ्या पुस्तिका आणि आपल्याच विद्यापीठीय विभागांतून प्रसिद्ध होणारे लोकवनस्पतिविषयक निबंध यांच्याकडे आलेला आहे. या साऱ्या लेखनात एक शब्दप्रयोग वाचकास पुनःपुन्हा भेटतो : ‘पाळी नियमित करते’. अशोकाची साल पाळी नियमित करते, कोरफडीचा गर करतो, बाळंतशोपा करतात. तीळ व गूळ, जास्वंद, शतावरी, दालचिनी, कच्ची पपई ही सारी याच एका क्रियापदाच्या आश्रयाला आलेली आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्दप्रयोग आहे. औषधाला गुण आहे की नाही हे ठरविणे भाषाभ्यासकाचे काम नव्हे, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच म्हटली पाहिजे. तथापि ‘अमुक वनस्पती अमुक विकारावर उपयोगी पडते’ हे विधान सिद्ध अथवा असिद्ध करावयाचे, तर त्यातील दोन्ही ‘अमुक’ आधी निश्चित असावे लागतात. वनस्पतीचे नाव एका वनस्पतीस आणि विकाराचे नाव एका विकारास बांधलेले नसेल, तर प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात कितीही परिश्रम केले तरी हाती येणारे उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे सांगता येत नाही. आपल्या या वाङ्मयात दोन्ही नामे सैल आहेत. आणि ‘नियमित करते’ हे क्रियापद तो सैलपणा झाकून टाकते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम विकाराच्या नावाकडे पाहू. नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने फार समृद्ध आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद यांच्या सीमेला तेलुगू, उदगीर, निलंगा, देवणी यांच्या सीमेला कानडी, तांड्यांतून गोरमाटी, किनवटच्या डोंगरभागात गोंडी व कोलामी, आणि निजामी राजवटीचा वारसा म्हणून सर्वत्र दखनी व उर्दू. इतक्या भाषांच्या सान्निध्यात राहूनही, किंवा राहिल्यामुळेच, ऋतुस्रावाविषयीच्या बोलीतील शब्दांत एक विलक्षण एकवाक्यता आढळते. मराठीत ‘कावळा शिवला’ म्हणतात, ‘बाहेर बसली’, ‘दूर बसली’, ‘शिवायचं नाही’ म्हणतात. कानडीत ऋतुस्रावाला ‘मुट्टु’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ स्पर्श. तेलुगूतही ‘मुट्टु’ हाच शब्द याच दोन अर्थांनी येतो. म्हणजे सीमेच्या अलीकडे ‘शिवणे’ आणि पलीकडे ‘मुट्टु’ : भाषाकुले निराळी, पण अर्थाचा सांधा एकच. सान्निध्यातील भाषा केवळ शब्दच नव्हे तर अर्थाची घडणही एकमेकींना देतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण विद्यार्थ्यांना क्वचितच मिळेल.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या स्पर्शवाचक शब्दांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. ते स्त्रीच्या शरीराविषयी काहीही सांगत नाहीत; घरातील इतरांनी तिच्याशी कसे वागावे एवढेच सांगतात. स्राव किती, किती दिवस, मागच्या खेपेपासून किती अंतराने, वेदना आहे की नाही, यांपैकी एकाही गोष्टीला त्यात जागा नाही. ज्या शब्दसंग्रहाचा जन्म सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातून झाला, त्याच्याकडून रुग्णेतिहासाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. अलीकडे रूढ झालेली ‘अडचण’, ‘एमसी’, ‘डेट’ ही पर्यायी नावेही पडदा बदलतात, पडद्यामागचे दाखवीत नाहीत.

दुसरा वर्ग गणनावाचक शब्दांचा. ‘पाळी’ म्हणजे क्रमाने येणारा वाटा. ‘पाळीपाळीने’, ‘रात्रपाळी’ यांतला तोच शब्द. त्याच्या अर्थातच नियमितपणा अंतर्भूत आहे, आणि म्हणून ‘अनियमित पाळी’ हा प्रयोग काटेकोर दृष्टीने वदतोव्याघात ठरतो. ‘महिना’ व ‘मासिक’ हे शब्द तर याहून पुढे जाऊन नेमके माप सांगतात, आणि ते माप चुकीचे आहे. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०१८ मध्ये निश्चित केलेल्या व्याख्येनुसार दोन स्रावांच्या आरंभांमधील अंतर २४ ते ३८ दिवस असणे स्वाभाविक आहे. आता ज्या स्त्रीचे चक्र ३५ दिवसांचे आहे, तिचा स्राव दिनदर्शिकेवर दर खेपेस चारपाच दिवसांनी पुढे सरकणार. तिचे शरीर अगदी नियमित आहे. अनियमित ठरतो तो ‘महिना’ हा शब्द. तिथीने मोजणाऱ्या आजीचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, तारखेने मोजणाऱ्या नातीचा तीस-एकतीसांचा. म्हणून एकाच घरात एकच चक्र एकीच्या हिशेबाने ‘लांबलेले’ आणि दुसरीच्या हिशेबाने ‘वेळेवर’ असू शकते. कोवळ्या वयात, पहिल्या स्रावानंतरच्या एकदोन वर्षांत, हे अंतर ४५ दिवसांपर्यंत गेले तरी त्यात सहसा विकार नसतो. अशा मुलीला काढा सुरू करावा आणि आठदहा दिवसांनी स्राव यावा, यात काढ्याचे कर्तृत्व किती आणि पंचांगाचे किती, हे कोण सांगणार?

येथेच पुराव्याच्या शास्त्रातील एक मूलभूत गोष्ट नोंदवावी लागते. जो विकार आपोआप मागेपुढे होतो, त्यावर दिलेले प्रत्येक औषध कधी ना कधी यशस्वी ठरते. चक्र सर्वांत जास्त बिघडलेले असते तेव्हाच औषध घेतले जाते, आणि त्यानंतरचे चक्र बहुधा सरासरीच्या जवळ येते. म्हणूनच औषध न दिलेला तुल्य गट आवश्यक असतो. आणि कोणाला खरे औषध व कोणाला निर्गुण पूड मिळाली हे देणारा व घेणारी या दोघांनाही ठाऊक नसावे लागते. ‘पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव’ म्हणून जो पुरावा पुढे केला जातो, त्यात हे दोन्ही नाही. दीर्घ वापरावरून एवढेच अनुमान निघू शकते की, घेतल्याबरोबर उघड अपाय होत नसावा.

तिसरा वर्ग शास्त्रीय संज्ञांचा. आर्तव, रज, प्रदर, असृग्दर, नष्टार्तव, कष्टार्तव अशी एक समर्थ परिभाषा संस्कृत वैद्यकाने घडविली. चरकाच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. सुश्रुताने आर्तवदुष्टीचे आठ प्रकार केले. त्या वर्गीकरणाची उपपत्ती आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, भेद करण्याची वृत्ती त्यात आहे हे कबूल केलेच पाहिजे. औषधांच्या नावांतही तो भेद टिकून आहे. ‘भैषज्यरत्नावली’ या ग्रंथातील दोन योग पाहावेत. अशोकारिष्ट हे असृग्दरावर, म्हणजे अतिस्रावावर, सांगितले आहे. त्याचे काम स्राव आवरण्याचे. रजःप्रवर्तिनी वटीचे काम तिच्या नावातच आहे : रजाला प्रवृत्त करणारी, थांबलेला स्राव सुरू करणारी. तिच्यात कुमारी, कासीस, टंकण व हिंग ही द्रव्ये येतात. एक योग लगाम, दुसरा चाबूक. आधुनिक मराठी पुस्तिकेत मात्र दोन्ही एकाच ओळीत येतात आणि दोन्हींपुढे एकच फळ लिहिलेले असते : पाळी नियमित होते.

यूनानी वैद्यकाची परिभाषा या बाबतीत तितकीच स्पष्ट होती. हैदराबाद संस्थानात १९१७ साली दारुल-तर्जुमा स्थापन झाले, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले, आणि मराठवाड्यातील शिकलेल्या दोन पिढ्यांच्या कानांवर ही अरबी-फारसी शब्दावली पडली. स्राव आणणारे ते ‘मुदिर्र-ए-हैज’. रक्त रोखणारे ते ‘हाबिस’. ‘इहतिबास-ए-तम्स’ म्हणजे स्राव अडणे, ‘कसरत-ए-तम्स’ म्हणजे तो अति होणे, ‘उस्र-ए-तम्स’ म्हणजे कष्टाने होणे. तीन विकार, तीन नावे. १९४८ नंतर या प्रदेशातील शिक्षणाची भाषा बदलली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. या संक्रमणात उर्दू परिभाषा मागे पडली हे स्वाभाविक होते. तिची जागा मराठीतील तितक्याच नेमक्या शब्दांनी घेतली असे मात्र घडले नाही.

आणि ग्रंथांचेच कशाला, आजीच्या बोलण्यातही भेद होता. ‘उष्ण’ पदार्थ स्राव आणतात आणि ‘थंड’ पदार्थ तो शमवितात, अशी तिची मांडणी. म्हणून लांबलेल्या पाळीला तीळ, गूळ, पपई. आणि अंगावर फार जात असेल तर जास्वंदीची कळी, दूर्वांचा रस, धण्याचे पाणी. उष्णतेची ही कल्पना शरीरशास्त्राने मान्य केलेली नाही. परंतु या व्यवस्थेत कोणते औषध केव्हा देऊ नये, याला जागा होती. अतिस्राव होणाऱ्या सुनेला आजी तीळगूळ देत नसे. आजची पुस्तिका दोघींनाही सर्व काही देते. शास्त्राचा आव आणणारी भाषा शास्त्र नसलेल्या भाषेहून बोथट निघावी, ही गोष्ट मनाला लागते.

मग हे ‘नियमित’ आले कोठून? या अर्थाची छटा इंग्रजीतून आली असावी असे आम्हांस वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रांत स्त्रियांसाठी ‘रेग्युलेटर’ म्हणून गोळ्यांच्या जाहिराती येत. ‘अडलेला स्राव मोकळा करणे’ हे त्यांचे प्रकट प्रयोजन, आणि गर्भ पाडणे हे अनेक ग्राहकांना कळणारे अप्रकट प्रयोजन. शब्द मुद्दाम दुहेरी ठेवला होता. आपल्याकडेही ‘पाळी चुकली’ याचे दोन अर्थ आहेतच. भारतीय विधिमंडळाला हे सख्य ठाऊक होते. कारण १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात ज्या प्रयोजनांसाठी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांत गर्भपात घडविणे आणि स्त्रियांच्या मासिक स्रावातील बिघाड दुरुस्त करणे ही दोन्ही आहेत. कायद्याचा परिणाम भाषेवर असा झाला की, बाटलीवर विकाराचे नाव येईनासे झाले आणि ‘स्त्रियांचे टॉनिक’ हा गोलमाल शब्द आला. टॉनिक कशावर? सर्वावर. जे सर्वावर आहे ते कशावर चालत नाही हे सिद्ध करण्याची सोयच राहात नाही.

आता दुसऱ्या ‘अमुक’कडे, म्हणजे वनस्पतींच्या नावांकडे, वळू. येथील गोंधळ अधिक ठोस आहे, कारण तो डोळ्यांनी पाहता येतो. नांदेड किंवा लातूर शहरातील शाळा, कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या आवारात उंच, सरळ वाढणारी, लोंबत्या पानांची जी झाडे ‘अशोक’ म्हणून ओळखली जातात, ती औषधी अशोकाची नव्हेत. त्यांचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. आता ते मोनून लाँगिफोलियम असे बदलले आहे. सीताफळाच्या कुलातील हे झाड. वैद्यकातील अशोक म्हणजे सराका असोका. तो शिंबावंत कुलातला, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा, ओलसर जंगलात वाढणारा वृक्ष. मराठवाड्याच्या कोरड्या पठारावर तो आपणहून वाढत नाही, आणि मूळ प्रदेशातही तो आता धोक्यातील जातींमध्ये गणला जातो. म्हणजे ‘अशोकाची साल दुधात उकळून घ्यावी’ हे वाक्य लातूरच्या वाचकापुढे ठेवताना लेखकाने त्याच्या हाती कोणते झाड दिले? बाजाराची स्थितीही निराळी नाही. अशोकाची साल म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची जनुकीय तपासणी करणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८० टक्क्यांहून अधिक नमुने खऱ्या अशोकाचे नव्हतेच. अशा परिस्थितीत ‘अशोकाने गुण आला’ आणि ‘अशोकाने गुण आला नाही’ ही दोन्ही विधाने सारखीच निरर्थक होतात.

‘बोळ’ या शब्दाची कथा अशीच आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ‘बोळ द्या’ म्हटले की दुकानदार विचारतो, कोणता? काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या जातीचा वाळविलेला रस, ज्याला उर्दूत एलवा किंवा मुसब्बर म्हणतात. तो तीव्र रेचक आहे. हिराबोळ म्हणजे अरबस्तान व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून येणारा कॉमिफोरा वृक्षाचा डिंक, यूनानीतील मुर. रंग, कूळ, रासायनिक घटक, परिणाम, सर्व निराळे. नाव मात्र एक, आणि पाळी आणणाऱ्या द्रव्यांच्या यादीत दोघांनाही स्थान. दुकानदाराचा तो एक शब्दाचा प्रतिप्रश्न आमच्या मते बहुतेक पुस्तिकांहून अधिक शास्त्रीय आहे.

काश्यपसंहितेत शतपुष्पा व शतावरी यांच्यावर एक स्वतंत्र कल्पाध्याय आहे आणि आर्तवविकारांशी या दोहोंचा संबंध तेथे जोडलेला आहे. शतपुष्पा म्हणजे बाळंतशोपा, शेपूचे बी, असे सामान्यतः मानतात. परंतु ‘शोपा’, ‘शेप’, ‘बडीशेप’ या शब्दांच्या साम्यामुळे बडीशेपही त्याच श्लोकांच्या आधारावर खपते. वास्तविक बडीशेपेला संस्कृतात ‘मिश्रेया’ हे वेगळे नाव आहे. याच्या उलट दिशेने घडलेला घोटाळा निर्गुडीचा. आपल्या ओढ्यांच्या काठी वाढणारी निर्गुडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. युरोपात तिची भगिनी-जाती व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कॅस्टस हिच्या फळांच्या अर्काची चाचणी झाली. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १७० स्त्रियांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि स्रावापूर्वीच्या त्रासात अर्क घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्के स्त्रियांना स्पष्ट आराम पडल्याचे आढळले. चाचणी चांगली होती. पण ती वेगळ्या जातीची, फळांच्या अर्काची, आणि स्रावापूर्वीच्या चिडचिड, डोकेदुखी, स्तनांतील ताण यांसारख्या लक्षणांची. केवळ कुलनाम एक म्हणून तो निष्कर्ष निर्गुडीच्या पाल्याला आणि अनियमित पाळीला चिकटविणे म्हणजे थोरल्या बहिणीच्या पदवीवर धाकटीला नोकरी देण्यासारखे आहे.

मग प्रत्यक्ष पुरावा आहे तरी किती? जो आहे तो मुख्यतः वेदनेविषयी आहे. कष्टार्तवावरील आहारपूरक द्रव्यांचे एक व्यवस्थित समालोचन कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात २७ चाचण्या व ३१०१ स्त्रिया होत्या, आणि आपल्या परिचयाच्या मेथी, आले, दालचिनी, बडीशेप व शेपू यांचाही समावेश होता. निष्कर्ष असा की, उच्च दर्जाचा पुरावा कशाच्याच बाजूने नाही. मेथी, आले यांसारख्या काहींच्या बाजूने दुर्बल, पुढे तपासण्याजोगा पुरावा आहे. चक्राच्या अनियमितपणाविषयी म्हणावे तर दालचिनीची एक छोटी चाचणी २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. बहुपुटीय अंडाशयाच्या विकाराच्या ४५ स्त्रियांपासून आरंभ झाला, सहा महिने पूर्ण केले ते १७ जणींनी, आणि दालचिनी घेणाऱ्या गटात स्राव अधिक वेळा आला. आशादायक, पण सतरा जणींच्या बळावर नियम बांधता येत नाही. आपल्या यादीतील अशोक, शतावरी, जास्वंद, तीळ यांच्याविषयी अनियमितपणा हाच निकष ठेवून केलेली मोठी, नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही. पपईबाबत २००२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर केलेले काम उद्‌बोधक आहे : पिकलेल्या पपईचा गर्भाशयावर परिणाम दिसला नाही, कच्च्या फळाच्या चिकाने मात्र गर्भाशयाचे आकुंचन झाले. ‘पपई’ हे एक नावही येथे पुरेसे नाही. पिकलेली की कच्ची, हे सांगितल्यावाचून विधानाला अर्थ येत नाही.

पाश्चात्य वैद्यकाची परिभाषा निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. अतिस्रावासाठी तेथे ग्रीक-लॅटिन घडणीच्या इतक्या संज्ञा इतक्या निरनिराळ्या अर्थांनी वापरल्या जात की, एका देशातील चाचणीची दुसऱ्या देशातील चाचणीशी तुलना करणे अशक्य झाले होते. अखेर वर उल्लेखिलेल्या महासंघाच्या आश्रयाने तज्ज्ञ एकत्र आले, जुन्या संज्ञा सोडून देण्याची शिफारस २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०११ मध्ये अस्वाभाविक स्रावाच्या कारणांचे नऊ वर्ग ठरले. औषध शोधण्यापूर्वी शब्द दुरुस्त करावे लागले. आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग अर्थविचाराच्या अभ्यासक्रमात अवश्य वाचावा. आणि आपल्याकडील डॉक्टरांच्या मराठीत सध्या रुळलेला ‘हार्मोनचा असमतोल’ हा शब्दही तपासून पाहावा. पूर्वी ‘प्रदर’ जे काम करीत असे तेच आता तो करू लागला आहे.

लोकवनस्पतिविषयक निबंधांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ते आपल्याच परिसरातले आहेत. किनवट-माहूरच्या जंगलातील औषधी वनस्पतींवर बरेच लेखन झाले आहे. वनस्पतीची निश्चिती करण्यात हे अभ्यासक वाकबगार असतात, डॉ. वि. ना. नाईक यांच्या १९७९ च्या उस्मानाबादच्या आणि १९९८ च्या मराठवाड्याच्या वनस्पतिसूचीने त्यांना भक्कम आधार दिला आहे. (लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे पहिल्या ग्रंथात त्याचा प्रदेशही येतो.) नमुना दाबून, वाळवून, क्रमांक देऊन ठेवणे ही वनस्पतिशास्त्राची शिस्त म्हणजे नाव वस्तूशी बांधण्याची शिस्तच होय. परंतु कोष्टकाच्या पहिल्या स्तंभातील ही काटेकोर दृष्टी शेवटच्या स्तंभाशी येईपर्यंत लोपते. तेथे ‘मासिक पाळीच्या तक्रारी’ एवढेच असते. माहिती देणाऱ्या वृद्धेने कोलामीत, गोरमाटीत किंवा मराठीत नेमके काय म्हटले होते? तिचे वाक्य इंग्रजीत गेले, तेथून पुन्हा मराठीत आले, आणि या प्रवासात स्राव आणणे की थांबविणे, हेच हरवले. झाडाचा नमुना जतन होतो, वाक्याचा होत नाही. प्रत्येक नोंदीसोबत मूळ बोलीतील वाक्य जसेच्या तसे आणि किती दिवस, किती अंतराने, किती कपडे बदलावे लागतात एवढे तीन प्रश्न नोंदविले, तर या निबंधांचे मूल्य अनेक पटींनी वाढेल. आणि ते काम वनस्पतिशास्त्र विभागाने एकट्याने करावे अशी अपेक्षा नाही.

वाक्याच्या अशा जपणुकीतून काय हाती येऊ शकते याचे उदाहरण चीनमध्ये आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यापुढेही नावाचा प्रश्न होता : ‘छिंगहाव’ हे जुने नाव आधुनिक वनस्पतिशास्त्रात एका जातीला दिले गेले होते आणि गुणकारी निघाली ती दुसरीच जाती. शिवाय चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती उकळावयास सांगितलेली नसून पाण्यात भिजवून पिळावयास सांगितली आहे, हे त्यांनी ध्यानपूर्वक वाचले आणि कमी तापमानावर अर्क काढला. परंपरेचा आदर तो हा. क्रियापद नीट वाचण्यापासून त्याचा आरंभ होतो.

हा सारा खटाटोप शब्दांच्या हौसेखातर नाही. पाळी लांबली असता प्रथम गर्भधारणा आहे की नाही हे पाहावयाचे असते. ‘पाळी नियमित करते’ म्हणून रजःप्रवर्तिनी किंवा काळा बोळ घेणारी स्त्री ते न पाहताच घेते, आणि गर्भवतीला ही द्रव्ये देऊ नयेत असे वैद्य स्वतः बजावीत असतात. दुसरीकडे अतिस्राव होणारी स्त्री महिनोन्‌महिने टॉनिकवर राहते आणि तिचे रक्त कमी होत जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चाळिशीनंतर पुन्हा सुरू झालेला स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये होणारा स्राव, यांमागे गाठ किंवा कर्करोग असू शकतो. ‘अंगावर जाते’ या दोन शब्दांत तो लपून राहतो.

‘अंगावर जाणे’ या प्रयोगाचा आणखी एक शेवट लातूरच्या शेजारीच, बीड जिल्ह्यात, २०१९ साली उघडकीस आला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. कामाचे खाडे, उचल, मुकादमाचा दंड ही त्यामागची कारणे चर्चिली गेली आहेत आणि ती खरीच आहेत. भाषाभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गर्भाशयाला आपल्या बोलीत ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पिशवी काढून टाका’ : ही वाक्ये इतकी सहज बोलली जातात, कारण पिशवी ही फाटली की टाकून द्यावयाचीच वस्तू आहे. पांढरे जाणे, लाल जाणे, कंबर दुखणे, पाळी लवकर येणे या निरनिराळ्या तक्रारी एका ‘अंगावर जाते’ मध्ये मिसळल्या, आणि त्या एका शब्दाला ‘पिशवी काढणे’ हे एकच उत्तर मिळाले. काढा देणारी पुस्तिका आणि शस्त्रक्रिया सुचविणारा डॉक्टर हे एरवी परस्परांचे विरोधक. रुग्णेच्या वाक्याला दुसरा प्रश्न न विचारण्याच्या बाबतीत मात्र दोघेही एकाच पंगतीला बसतात.

तो दुसरा प्रश्न कोणता विचारावयाचा, आणि देगलूरच्या, किनवटच्या किंवा निलंग्याच्या बाईला कळेल अशा कोणत्या शब्दांत, याची एक बोलीवार प्रश्नावली तयार करणे आपल्या विभागाच्या आवाक्यात आहे. तीत पहिला रकाना अंतराचा असावा आणि त्याचे शीर्षक ‘महिना’ नसावे. ‘मागच्या खेपेपासून किती दिवस झाले’ एवढे पुरे.